‘डोळे शार्प नाहीत’च्या पुढचं वाक्य

हौशी फोटोग्राफरने मोकळ्यावर काढलेलं पोर्ट्रेट कुणाला दाखवलं की एक अभिप्राय हमखास येतो: डोळे शार्प नाहीत. बहुतेक वेळा तो खराही असतो. पण ऐकणाऱ्याने पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं? या तीन शब्दांमागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा, काही वेळा तर एकमेकांच्या अगदी उलट. कारण न कळलेला माणूस अंदाजाने अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचं छिद्र) लहान करतो, त्यापायी शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) मंदावतो, आणि जिथे आधी नुसता फोकस चुकत होता तिथे आता फोटो हललेलाही येतो. टीका खरी होती आणि तरीही तिने नुकसान केलं.

कारण फोटोतच सापडतं, फक्त तो १०० टक्के मोठा करून सावकाश पाहावा लागतो. डोळा मऊ आणि कान किंवा मागची कॉलर स्वच्छ दिसत असेल, तर फोकस मागे पडलाय. नाकाचं टोक किंवा पुढे आलेली बट स्वच्छ असेल, तर तो पुढे पडलाय. जवळचा डोळा नीट आणि लांबचा मऊ असेल, तर फोकस बरोबर आहे, खोली (डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढा पट्टा शार्प दिसतो तो) अपुरी आहे. सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढली गेली असेल, तर कॅमेरा हलला. कपड्याची वीण नीट, पण पापण्या आणि ओठांच्या कडा दुहेरी, म्हणजे चेहरा हलला. आणि यातलं काहीच झालेलं नसताना पापण्यांचे केस एकमेकांत विरघळलेत, त्वचेची रंध्रं नाहीशी झालीत असं दिसलं, तर फोटो काढताना काही चुकलेलं नाही. फोनच्या ब्युटी फिल्टरने, फोटोतले दाणे (नॉइज) घालवणाऱ्या जास्तीच्या नॉइज रिडक्शनने किंवा फाइल फार लहान करून पाठवल्याने ते झालंय.

यातल्या खोलीच्या प्रकाराकडे आकड्यांतूनच पाहायला हवं, कारण नवशिक्यांना इतक्या कमी जागेत खेळ चालतो याची कल्पनाच नसते. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स, एफ/१.८ (एफचा आकडा लहान म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं) आणि दीड मीटर अंतर धरलं, तर शार्प म्हणता येईल असा पट्टा जेमतेम ३.२ सेंटिमीटरचा मिळतो. त्यातला साधारण निम्मा फोकसच्या पुढे, निम्मा मागे. माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असतं. चेहरा २० अंश वळला की लांबचा डोळा २ सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे पट्ट्याबाहेर. एफ/४ वर हाच पट्टा सुमारे सात सेंटिमीटरचा होतो आणि बऱ्यापैकी वळलेला चेहराही त्यात मावतो. मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस करून मग फ्रेम बदलायची सवय असेल, तर आणखी एक गळती आहे. दीड मीटरवरून कॅमेरा ७ अंश खाली कलवला, की फोकसची पातळी डोळ्याच्या सेंटिमीटरभर मागे सरकते. उरलेले काही मिलिमीटर फोटो काढणारा आणि समोरचा माणूस उभ्याउभ्या नकळत डुलतात त्यात संपतात. अशा फोटोवर ‘एफ/४ वर जा, फोकस पॉइंट थेट जवळच्या डोळ्यावर ठेवा, नंतर फ्रेम हलवू नका’ असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते उद्याच करून पाहता येतं. हललेल्या चेहऱ्याला मात्र हा सल्ला निरुपयोगी. तिथे शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान, धावणाऱ्या मुलासाठी १/५०० पासून पुढे, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या, एवढंच सांगायचं.

टीकेकडून मला हेच हवं असतं. दिसणाऱ्या दोषापासून मागे मागे जात तो जिथे घडला त्या क्षणापर्यंत पोहोचायचं, आणि तिथे काय वेगळं करता आलं असतं ते सांगायचं. कारण सांगता येत नसेल तर निदान दिसलं ते नेमकं सांगावं. तेही पुरेसं कामाचं असतं. अमेरिकन कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी कलाकृतीकडे पाहण्याचे चार टप्पे मांडले: आधी वर्णन, मग विश्लेषण, मग अर्थ आणि सर्वांत शेवटी निवाडा. पोर्ट्रेटच्या बाबतीत हा क्रम पाळला की फार फरक पडतो. ‘माझी नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीवर गेली, मग चेहऱ्यावर आली, डावा गाल सावलीत आहे आणि हात मनगटापाशी कापलाय’ हे वर्णन आहे. यात चांगलं-वाईट काही म्हटलेलं नाही, पण फोटो काढणाऱ्याला लगेच कळतं की ज्या गाडीकडे त्याने लक्षही दिलं नव्हतं, ती पाहणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतेय. त्याचं मन त्या दिवसाच्या आठवणीत अडकलेलं असतं. समोरच्याकडे फक्त चौकट असते. वर्णनातून ही दरी भरून निघते.

बाहेरच्या पोर्ट्रेटमध्ये सर्वाधिक बोलण्यासारखं असतं ते प्रकाशाबद्दल, आणि सर्वांत ढोबळ बोललं जातं तेही त्याबद्दलच. ‘लाइट हार्श आहे’ म्हणजे काय? भर दुपारचा सूर्य डोक्यावर असतो. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचा वरचा भाग चमकतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली साचते. हे सांगितलं की उपायही आपोआप सुचतात. त्या माणसाला दहा पावलांवरच्या सावलीत न्या, पण सावलीच्या आत खोलवर नको. सावली संपते त्या कडेपासून पाऊलभर आत, तोंड मोकळ्या आकाशाकडे. मग आकाशच मोठा मऊ दिवा बनतं आणि बुबुळांत त्याचं प्रतिबिंब, म्हणजे कॅचलाइट, उमटतं. खोल सावलीत नेलं तर डोळे पुन्हा निर्जीव दिसतात, आणि ‘सावलीत काढा’ एवढाच सल्ला ऐकलेल्या माणसाला आपलं काय चुकलं ते कळतच नाही.

झाडाखालच्या सावलीचा घोटाळा तर वेगळाच आहे. पानांच्या फटींतून चेहऱ्यावर पडणारे उन्हाचे गोल ठिपके सावलीपेक्षा तीन-चार स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) प्रखर असू शकतात. एक ठिपका गालावर, एक नाकावर आला की कुठल्याही एडिटिंगने चेहरा सलग होत नाही. ठिपक्यांसाठी एक्स्पोजर (फोटोत घेतलेला एकूण प्रकाश) कमी केलं तर बाकी चेहरा काळवंडतो, चेहऱ्यासाठी वाढवलं तर ठिपके कोरे पांढरे पडतात. अशा वेळी एडिटिंगचा सल्ला देण्यात अर्थ नाही. ‘अर्धं पाऊल मागे घ्यायला सांगा, किंवा कुणाला तरी डिफ्यूझर (ऊन मऊ करणारं अर्धपारदर्शक कापड) धरायला लावा’ हाच खरा सल्ला. हिरवळीवर बसवून काढलेल्या फोटोत हनुवटीखाली आणि जबड्यावर हिरवट छटा येते, कारण उन्हातल्या गवतावरून परतलेला प्रकाश खालून चेहऱ्यावर पडतो. ‘व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगांचा समतोल) सुधारा’ असं अनेक जण लिहून मोकळे होतात. पण छटा फक्त खालच्या भागावर असते. टिंटचा (हिरवा-मजेंटा छटा बदलणारा) स्लायडर मजेंटाकडे नेला तर जबडा ठीक होतो आणि कपाळ गुलाबी पडतं. तिथे एडिटिंगमध्ये मास्क लावून तेवढाच भाग सुधारावा लागतो, आणि त्याहून बरं म्हणजे पुढच्या वेळी मांडीवर किंवा समोर जमिनीवर पांढरं कापड अंथरावं.

सूर्य पाठीशी ठेवून काढलेल्या फोटोंत केसांना सुंदर सोनेरी कडा मिळते आणि चेहरा अंधारतो, कारण कॅमेरा उजळ आकाशाची सरासरी धरतो. एक ते दीड स्टॉप एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वाढवणं (कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा जास्त प्रकाश घेणं) किंवा चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करणं (फक्त चेहऱ्यावरचा प्रकाश मोजणं), हे दोन्ही उपाय सोपे आहेत. नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) सावल्या उचलता येतात हे खरं, पण जास्त उचललेल्या चेहऱ्यावर नॉइज येतो आणि त्वचेचे चढउतार सपाट होतात. रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा फलक) वापरलाय हे दिसत असेल, तर तो कुठे धरला होता ते विचारावं. चंदेरी रिफ्लेक्टर खालून धरला की नाकाची सावली वर जाते आणि चेहरा अस्वाभाविक दिसतो. तो छातीच्या उंचीवर आणि बाजूने धरला की ठीक.

टीका करणाऱ्याला फाइलमधली एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने नोंदवलेले शटर, अ‍ॅपर्चर वगैरे आकडे) मिळाली तर उत्तम. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर शटर साधारण १/१०० लागतो, एफ/२.८ म्हणजे तिथून पाच स्टॉप उघडं, म्हणजे १/३२०० च्या आसपास. ज्याने भर उन्हात एफ/२.८ वर फ्लॅश वापरलाय आणि फोटो धुऊन निघालाय, त्याचा शटर बहुधा फ्लॅश सिंकच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या) १/२०० किंवा १/२५० वर अडकला होता. हाय-स्पीड सिंक (फ्लॅशबरोबर त्याहून वेगवान शटर चालू देणारी सोय) किंवा एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काच), दोन्हींपैकी एक हवं होतं. एवढं आकड्यांवरून कळतं. पण आकड्यांत प्रकाश कुठून येत होता हे नसतं, म्हणून ते वाचून फोटो पाहायचं राहून जाऊ नये.

आता थोडं त्या तिसऱ्या माणसाबद्दल, जो या संवादात सहसा नसतो. टीका करणारा आणि फोटो काढणारा बोलत असतात, आणि चेहरा भलत्याच कुणाचा असतो. निसर्गचित्रावर ‘डोंगर बेढब आहे’ म्हटलं तर डोंगराचं काही बिघडत नाही. पोर्ट्रेटवर ‘दुहेरी हनुवटी दिसतेय’ हे वाक्य ज्याची हनुवटी आहे त्याच्यापर्यंत पोहोचतं. तीच गोष्ट कॅमेऱ्याच्या बाजूने सांगता येते: कॅमेरा डोळ्यांच्या पातळीखाली होता, तो चार बोटं वर घ्या, हनुवटी आधी पुढे, मग किंचित खाली आणायला सांगा. ‘नाक मोठं आलंय’ म्हणण्याऐवजी अंतराबद्दल बोला. फोनच्या मुख्य लेन्सने, जी बहुधा २४ ते २६ मिमीइतकी रुंद असते, अर्ध्या मीटरवरून काढलं की नाक कानांच्या मानाने मोठं दिसणारच. दीड-दोन मीटर मागे जाऊन २एक्स (दुप्पट झूम) वापरा. शरीराबद्दल एकही विशेषण न वापरता प्रत्येक दोष सांगता येतो, आणि तसा सांगितला की तो अधिक अचूकही होतो, कारण उपाय फोटोग्राफरच्या हातातल्या गोष्टीत असतो.

त्वचेच्या रंगाबाबत तर जास्तच जपायला हवं. ‘चेहरा काळा आलाय, उजळ करा’ या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळतात. एक्स्पोजर खरोखर कमी असेल तर सावळ्या गालावरची चमक आणि सावली यांतला फरक मिटतो, बुबुळ आणि बाहुली वेगळी दिसत नाहीत, ते सांगावं. हा फरक स्वच्छ दिसत असेल तर त्वचा जशी आहे तशी आलीय, आणि ती उजळवायला सांगणं हा फोटोग्राफीचा सल्ला होत नाही. या गोंधळाला इतिहासही आहे. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी दिलेल्या ‘शर्ली’ कार्डांवर अनेक वर्षं गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड १९९० च्या दशकात आलं. ‘बरोबर स्किन टोन’ म्हणताना आपण कुणाची त्वचा मोजपट्टी म्हणून धरतोय, हे टीका करणाऱ्याने स्वतःला विचारावं.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा १९३६ मधला ‘मायग्रंट मदर’ हा स्थलांतरित मजूर आईचा फोटो इथे आठवतो. बाहेर, तंबूच्या आडोशाला काढलेलं हे पोर्ट्रेट. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँग यांना तो खटकला आणि पुढे निगेटिव्हवर रिटच करून तो पुसट करण्यात आला. ज्या सरकारी प्रकल्पासाठी हा फोटो होता त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ही ढवळाढवळ आवडली नाही. फ्रेमच्या कडेवरच्या एका अंगठ्यावरून जाणकारांत मतभेद होऊ शकतात, हे मला दिलासा देणारं वाटतं. पण त्याहून महत्त्वाचं ते १९७८ मधलं. फोटोतल्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांचं नाव तेव्हा लोकांसमोर आलं आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, अशी भावना त्यांनी व्यक्त केली. बेचाळीस वर्षं जग त्या चेहऱ्याच्या रचनेबद्दल बोलत होतं. म्हणून फोटो अभिप्रायासाठी बाहेर ठेवण्याआधी त्या व्यक्तीला विचारायचं, आणि ‘लोक यात चुका शोधतील’ हेही स्पष्ट सांगायचं. नुसती फोटो काढण्याची संमती यासाठी पुरत नाही.

रचनेच्या नियमांवर मी फार वेळ घालवणार नाही. डोक्यातून उगवलेला खांब, मानेला छेदणारी क्षितिजरेषा, कडेवरची चमकदार वस्तू, गुडघ्यावर किंवा कोपरावर बरोबर सांध्यात घेतलेला क्रॉप हे बहुतेकांना दिसतं, आणि बहुतेक वेळा उपाय दोन पावलं बाजूला सरकण्याचा किंवा माणसाला पार्श्वभूमीपासून तीन-चार मीटर पुढे आणण्याचा असतो. त्रयंश नियम (मुख्य गोष्ट चौकटीच्या मध्याऐवजी एक-तृतीयांशावर ठेवण्याचा) पाळला नाही ही तक्रार मला कधीच पटलेली नाही. चेहरा मध्यभागी असल्याने फोटोत काय बिघडलं हे सांगता येत असेल तरच ती तक्रार करावी.

चूक आणि निवड यांतली सीमाही पाहणाऱ्याला बाहेरून नेहमी कळत नाही. ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी पहिला कॅमेरा मिळाला. तेव्हाच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी त्यांच्या मऊ फोकसला निष्काळजीपणा ठरवलं. त्यांनी १८६४ मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात योग्य फोकस कोणता हे ठरवायचा अधिकार कुणाला, असाच सवाल केला. याचा अर्थ प्रत्येक मऊ फोटो म्हणजे निवड, असा नाही. मऊपणा सगळ्या चौकटीत एका हेतूने वावरतोय की नेमका कान शार्प राहिलाय, यावरून पुष्कळ कळतं. तरीही शंका असेल तर विचारावं. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये बसवलेल्या प्रतिसाद पद्धतीत मत देण्याआधी तटस्थ प्रश्न विचारतात. ‘एवढं अंधारलेलं का ठेवलंत?’ यात मत दडलेलं आहे. ‘चेहऱ्याची डावी बाजू किती दिसावी असं ठरवलं होतं?’ यात नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही ठरवलं नव्हतं’ असं आलं तरी काम झालं.

याच पद्धतीत मतांच्या आधी आपला प्रश्न मांडण्याची पाळी ज्याचं काम आहे त्याची असते, आणि टीका मागणाऱ्यांनी हे शिकावं असं मला कळकळीने वाटतं. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर येणार. एकच फोटो दाखवावा, पंधरा नव्हेत. काय हवं होतं ते एका वाक्यात सांगावं, काय बदलणं शक्य नव्हतं तेही, आणि मग टोकदार प्रश्न विचारावा: ‘मला तिचा संकोच दाखवायचा होता, हात खिशात असल्याने तो उलट लपतोय का?’ त्याच वेळचे आधीचे-नंतरचे दोन-तीन फोटो जवळ ठेवावेत. पुष्कळदा अभिप्राय असा येतो की काढताना काही चुकलं नाही, निवडताना चुकलं. आधीच्या फ्रेममध्ये पापण्या अर्धवट मिटलेल्या नाहीत आणि खांदे सैल आहेत.

उत्तर ऐकताना समर्थन करायचा मोह आवरावा. ‘तिथे जागाच नव्हती’ हे खरं असेल, पण पाहणाऱ्याला जागा दिसत नाही, फक्त फोटो दिसतो. आलेल्या सूचना लिहून काढून वेगळ्या कराव्यात. काही एडिटिंगमध्ये लगेच होतात: कडेवरचा उजळ डाग काढणं, फार पांढरे केलेले डोळे परत मूळ जागी आणणं, त्वचेवरचं स्मूदिंग निम्म्यावर आणणं, पोर्ट्रेट मोडने खाल्लेली केसांची किंवा चष्म्याची कड दुरुस्त करणं. काहींना पुन्हा फोटो काढण्यावाचून इलाज नाही: प्रकाशाची दिशा, कॅमेऱ्याची उंची, फोकस. उरतात त्या आवडीच्या गोष्टी. ‘ब्लॅक अँड व्हाइट केला असता तर’ ही सूचना ऐकावी आणि सोडून दिली तरी चालेल.

परस्परविरोधी सूचना आल्या की गोंधळ उडतो. एक म्हणतो घट्ट क्रॉप करा, दुसरा म्हणतो भोवती अजून जागा हवी. दोघांचे उपाय उलट असले तरी दोघांचं बोट एकाच जागेवर आहे: आत्ता आहे तेवढी जागा ना जवळीक देते ना एकटेपणा. अशा वेळी उपायांची मोजदाद करत बसण्यापेक्षा ती जागा धरावी आणि दोन्ही करून पाहावं.

पुन्हा काढताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीच जागा, सूर्य साधारण तितक्याच उंचीवर, तीच लेन्स, आणि बदललेला फक्त चेहऱ्याचा कोन किंवा फक्त अ‍ॅपर्चर. तीन गोष्टी एकदम बदलल्या की फोटो सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि टीका बरोबर होती की नाही तेही. मग जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून, ज्याने टीका केली होती त्यालाच दाखवावा. त्याचंही निदान तपासून पाहायची हीच संधी असते, कारण एफ/४ वर काढूनही लांबचा डोळा मऊच राहिला असेल, तर दोघांनी मिळून पुन्हा १०० टक्क्यांवर जाऊन कान, कॉलर आणि पापण्या पाहायला हव्यात.